दयेच्या दारात हजेरीपट

परवा रविवारी उपासना आटोपल्यावर आमच्या सांगवीच्या घरी ओट्यावर चहा चालला होता. विषय निघाला नात्यातल्या एका मुलीचा. नाव लिहीत नाही, नातेवाईक हा ब्लॉग वाचतात! नवऱ्याचं घर सोडून गेली होती, तीन वर्षं कुठे होती ठाऊक नाही. आता लेकराला घेऊन परत आली आहे आणि उपासनेला मागच्या भिंतीला टेकून बसते. एक वडीलधारे म्हणाले, "बसू दे, पण आधी मंडळीपुढे सगळं कबूल करू दे. देवाची दया काय रस्त्यावर पडली आहे?" माझा भाचा देव-बिव मानत नाही. तो हसून म्हणाला, "मावशी, दया ही हरलेल्यांची सोय. जिंकणाऱ्याला कशाला लागते?"

मी कप विसळत राहिले. सारा जन्म वर्गात बोलण्यात गेला, आणि नेमकी तिथे गप्प बसले. म्हणून हा लेखनप्रपंच.

आधी भाच्याला घेते. बाळा, बारामतीहून दौंडला जाऊन पुण्याची गाडी धरलीस की वाटेत केडगाव लागतं. पंडिता रमाबाईंचं मुक्ती मिशन तिथे आहे. ही बाई हरलेली होती का? दुष्काळात आईवडील आणि बहीण गेली, तरी भावाबरोबर देशभर पायी फिरली. 1878 साली कलकत्त्याच्या विद्वानांनी तिला 'पंडिता' आणि 'सरस्वती' म्हटलं, तेव्हा ती वीस वर्षांची होती. विद्या, कीर्ती, वक्तृत्व, काय कमी होतं? 1883 साली इंग्लंडात बाप्तिस्मा घेतला, तोही डोळे उघडे ठेवून. तिथल्या धर्मगुरूंशी मतांवरून पत्रांतून अशी भांडली की वाचताना मला गंमत वाटते. आणि तरीही पुढे तिनेच लिहून ठेवलं की ख्रिस्ती धर्म मिळाला होता, पण ख्रिस्त सापडायला आणखी आठ वर्षं लागली. म्हणजे नाव पटावर चढलं होतं, आसरा मिळाला नव्हता. तो मिळाला, जेव्हा आपली विद्या आणि आपलं पुण्य देवापुढे तारण म्हणून मांडता येत नाही हे तिला कळलं तेव्हा. इतकं सगळं जवळ असलेल्या बाईने रिकामे हात पुढे करायचे, याला तू सोय म्हणतोस? मला तर पदवी मिरवणं त्याहून पुष्कळ सोपं वाटतं. मी स्वतः बी.ए.ची मिरवलेली आहे.

"पण दुष्काळात भाकरी देऊन धर्म दिला," असं तू पुढे म्हणशील. तो प्रश्न खोटा नाही. उपाशी पोरीला जेवू घालणाऱ्याने तिच्याकडून प्रार्थनेची अपेक्षा धरली, तर ती दया उरत नाही, व्यवहार होतो. पुण्यात 1893 साली शारदासदनावर वादळ उठलं ते याच संशयाने, आणि रानडे-भांडारकरांसारखी माणसं सल्लागार मंडळातून बाहेर पडली. यावर वाद घाल, मी ऐकेन. पण 1897 च्या दुष्काळात मध्य प्रांतातून त्या पोरींना उचलून आणायला वाद घालणाऱ्यांपैकी कितीजण गेले, तेही एकदा मोज.

आता आमचे वडीलधारे. काका, मान राखून बोलते, पण बोलते. रमाबाईंचं मन कशाने वळलं, आठवतं? लंडनमध्ये वाट चुकलेल्या म्हणून हिणवलेल्या बायकांची सेवा करणाऱ्या भगिनी तिने पाहिल्या. हे का करता, म्हणून विचारलं, तर तिला योहानाच्या शुभवर्तमानातली विहिरीवरची शोमरोनी बाई वाचून दाखवली. पाच नवरे झालेली, गाव टाळून भर दुपारी पाणी भरायला येणारी! येशूने तिच्याकडे पाणी मागितलं. आधी पाणी मागितलं काका, तिच्या घरची गोष्ट मागाहून निघाली, आणि तीही चारचौघांत नाही. केडगावात रमाबाईंनी अशाच बायकांसाठी वेगळं घर बांधलं, त्याला नाव दिलं कृपासदन.

तुम्ही म्हणाल, पश्चात्ताप नको का? हवाच की. पण तो तपासायला आपल्याला कुणी नेमलंय? मंदिरात छाती पिटून दया मागणारा जकातदार आपण लेकरांना रविवारच्या शाळेत शिकवतो. त्याने परूशापुढे कबुली दिली नव्हती. तुमचा मुलगा दारू सोडून घरी आला, तेव्हा आपण सगळ्यांनी वाढलेलं ताट मला आठवतं. त्याच्याकडे कुणी लेखी मागितलं नव्हतं. तो मुलगा होता, ही मुलगी आहे, एवढाच फरक मला दिसतो. राग येईल, माहीत आहे. या, बोला, भांडा.

येत्या रविवारी मी मागे भिंतीशी बसणार आहे. गुडघे दुखतात, टेकायला बरं पडतं. तिचं लेकरू फार वळवळ करतं, त्याच्यासाठी खिशात राजगिऱ्याचा लाडू ठेवीन.