दृष्ट आणि दंश

गारगोटीच्या परिसरात तान्ह्या मुलावरून मीठ-मोहऱ्या उतरून निखाऱ्यांवर टाकितात. मीठ तडतडले म्हणजे दृष्ट निघाली, असे मानितात. वस्तुतः खड्यांत कोंडलेल्या पाण्याची वाफ होऊन खडा फुटतो. तथापि या मायेच्या उपचारास आम्ही दोष देत नाही.

सर्पदंशाची गोष्ट निराळी. पुष्कळ साप बिनविषारी असल्यामुळे मनुष्य आपोआप वाचतो, आणि श्रेय मात्र मांत्रिकास जाते. परंतु नाग किंवा घोणस चावल्यास मंत्रात दवडलेली घटका प्राणावर बेतते. तेथे प्रतिविषच हवे. अशा वेळी वैद्यकीय उपचार रोखून मंत्रतंत्र करणे हा महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे.

विद्यार्थ्यांनो, आजीस दृष्ट खुशाल काढू द्या. पण दंश होताच रोग्यास न चालविता थेट रुग्णालयात न्या.