के-पश्चिमचा नोडल अधिकारी कुठे बसतो?

प्रति,
जिल्हा अधिकारी
(कामाच्या ठिकाणी महिलांचा लैंगिक छळ प्रतिबंध, मनाई व निवारण अधिनियम, २०१३),
जिल्हाधिकारी कार्यालय, मुंबई उपनगर जिल्हा,
वांद्रे (पूर्व)

विषय : ऑनलाइन कार्यक्रमांच्या स्टुडिओंत काम करणाऱ्या महिलांच्या तक्रारी आणि कलम ६(२)

महोदय / महोदया,

कायदा आपल्या टेबलावर आहे, म्हणून प्रस्तावना करत नाही. कलम ६ चं दुसरं पोटकलम सांगतं की शहरात वॉर्डनिहाय नोडल अधिकारी नेमायचा. त्याने तक्रार घ्यायची आणि ७ दिवसांच्या आत स्थानिक समितीकडे पोहोचवायची. हा कायदा ९ डिसेंबर २०१३ पासून लागू आहे. माझा प्रश्न एवढाच आहे : अंधेरीच्या के-पश्चिम विभागातला हा अधिकारी कुठे बसतो? कुठल्या मजल्यावर? त्याचा फोन नंबर काय? बोरिवलीच्या आर-मध्यमध्ये कोण आहे, घाटकोपरच्या एन विभागात कोण, मुलुंडच्या टी विभागात कोण? ही नावं फायलीत असतील, तर ती भिंतीवर लावा. फायलीतलं नाव आमच्या मुलींच्या उपयोगाचं नाही.

मी बोरिवलीला राहते आणि १४ वर्षं व्हिडिओ एडिटिंग करते. वर्सोव्याच्या आराम नगरपासून वीरा देसाई रोडपर्यंत, ओशिवऱ्यापासून मालाडपर्यंत किती सोसायट्यांच्या दोन खोल्यांत आज स्टुडिओ चालतात, ते या धंद्यातला कोणीही सांगेल. एका खोलीत रिंग लाइट आणि खुर्ची, दुसरीत दोन एडिटर, एक थंबनेल करणारी मुलगी, एक असिस्टंट. लेखी करार नाही, हजेरीपट नाही, पगार इन्व्हॉइसवर. आणि ज्याचं तोंड कॅमेऱ्यात दिसतं तोच मालक, तोच पगार देणारा, तोच कामावरून काढणारा.

२०१९ च्या पावसाळ्यात मी अशाच एका स्टुडिओत होते. आम्ही ७ जण. मालक रोज रात्री ९ ते १२ लाइव्ह यायचा. चॅट सांभाळायला २२ वर्षांची एक मुलगी होती, घाटकोपरची. लाइव्ह संपलं की ‘उद्याचं ठरवू’ म्हणून तो तिला थांबवून घ्यायचा, पार उशिरापर्यंत. रात्री २ वाजता मेसेज. शिकवायच्या निमित्ताने पाठीवर हात. ती मला म्हणाली, “ताई, तक्रार कुठे करू? तक्रारीचा मेलसुद्धा तोच उघडतो.” आम्ही दोघींनी बसून तीन मेल लिहिले : एक स्टुडिओला, एक त्याच्या टॅलेंट एजन्सीला, एक त्याला पैसे देणाऱ्या ब्रँडला. पहिल्या दोघांचं उत्तर आलंच नाही. तिसऱ्याने कळवलं की आमचा करार फक्त कंटेंटपुरता आहे. तिचे दोन महिन्यांचे पैसे अडकले ते अडकलेच.

स्थानिक समिती नावाची गोष्ट असते हे आम्हाला एका वकीलबाईंकडून कळलं, तेव्हा ११८ दिवस उलटले होते. कलम ९ प्रमाणे मुदत ३ महिन्यांची. लेखी कारण दिलं तर आणखी ३ महिने वाढवून मिळतात, हेही त्यांनी सांगितलं. पण तोवर ती मुलगी कोलमडली होती. “पुन्हा पहिल्यापासून सगळं सांगायची ताकद नाही माझ्यात,” असं म्हणून तिने हा धंदाच सोडला. तो आजही लाइव्ह येतो.

आता कोणी म्हणेल, मग पोलिसांत जा, नाहीतर जाहीर बोला. दोन्ही रस्त्यांवर काय होतं ते याच उपनगरांनी पाहिलं आहे.

जाहीर बोलण्याचं उदाहरण ऑक्टोबर २०१८ चं. एका महिला विनोदकाराने ट्विटरवर विनोदकार उत्सव चक्रवर्ती यांच्यावर लैंगिक गैरवर्तनाचे आरोप केले. ते पूर्वी एआयबी या मुंबईच्या यूट्यूब कंपनीत होते. पाठोपाठ इतर मुलीही बोलल्या. ८ ऑक्टोबरला कंपनीने निवेदन काढलं. कंपनीचे सहसंस्थापक तन्मय भट यांच्याकडे ही तक्रार आधीच पोहोचली होती, असं त्यात मान्य केलं होतं. म्हणजे एक मुलगी बोलली होती, सविस्तर बोलली होती, आणि तिचं बोलणं दोन माणसांच्या खासगी संभाषणात जिरून गेलं होतं. पुढे हॉटस्टारने कंपनीचा कार्यक्रम रद्द केला, ‘चिंटू का बर्थडे’ हा कंपनीचा चित्रपट मामी महोत्सवातून वगळला गेला आणि मे २०१९ पर्यंत चॅनल बंद पडल्यात जमा झालं. ज्यांनी काही केलं नव्हतं त्यांच्याही नोकऱ्या गेल्या. चक्रवर्ती यांनी वर्षभराने आपली बाजू मांडली, तीही ट्विटरवरच. ९० दिवसांत दोघांचं ऐकून निष्कर्ष देणारी समिती वेळेवर बसली असती, तर निकाल गर्दीच्या हाती गेला नसता. बोलणाऱ्या बाईच्या वाट्याला काय येतं ते पत्रकार प्रिया रमाणी यांना विचारा. त्यांनी लैंगिक छळाचा आरोप केला म्हणून तत्कालीन केंद्रीय मंत्री एम. जे. अकबर यांनी त्यांच्यावर फौजदारी बदनामीचा खटला भरला आणि १७ फेब्रुवारी २०२१ ला निर्दोष सुटेपर्यंत दोन वर्षांहून अधिक काळ त्या आरोपी म्हणून दिल्लीच्या कोर्टात उभ्या होत्या.

पोलिसांचा रस्ता अभिनेत्री तनुश्री दत्ता यांनी धरला, अभिनेते नाना पाटेकर यांच्याविरुद्ध छळाची तक्रार करून. घटना २००८ ची, ओशिवरा पोलीस ठाण्यातली तक्रार २०१८ ची. मार्च २०२५ मध्ये अंधेरीच्या कोर्टाने सांगितलं की ३ वर्षांची मुदत टळून गेली आहे. आरोप खरे की खोटे, या प्रश्नात कोर्ट शिरलंच नाही. पाटेकर यांनी आरोप नाकारले होते. म्हणजे ना तिला निकाल मिळाला, ना त्यांना. वेळेत ऐकून घेणारं कोणी नसलं की दोघांचंही असं होतं.

यंत्रणा धावूच शकत नाही, असं मात्र मला सांगू नका. खारच्या हॅबिटॅटमध्ये झालेल्या ‘इंडियाज गॉट लेटेंट’ या यूट्यूब कार्यक्रमातला यूट्यूबर रणवीर अलाहाबादिया यांचा एक अश्लील प्रश्न फेब्रुवारी २०२५ मध्ये व्हायरल झाला. काही दिवसांत महाराष्ट्र सायबरचा गुन्हा, गुवाहाटीत गुन्हा, आसामचे पोलीस मुंबईत, आणि १८ फेब्रुवारीला प्रकरण थेट सर्वोच्च न्यायालयात. मे २०२५ मध्ये उल्लू ॲपवरच्या ‘हाउस अरेस्ट’ या कार्यक्रमाबद्दल अंबोली पोलिसांत गुन्हा नोंदला गेला आणि जुलैत केंद्र सरकारने उल्लूसह २५ ॲप आणि संकेतस्थळं बंद केली. म्हणजे पडद्यावर काय दिसलं यासाठी दोन राज्यांचे पोलीस, केंद्राचं खातं आणि देशाचं सर्वोच्च न्यायालय सगळे हलले. कॅमेऱ्याच्या मागे काय घडतं यासाठी कोण हललं? ‘हाउस अरेस्ट’चे सूत्रसंचालक एजाज खान यांच्यावर त्याच मे महिन्यात चारकोप पोलिसांत एका अभिनेत्रीने काम देण्याच्या आमिषाची आणि बलात्काराची फिर्याद दिली. तो आरोप सिद्ध झालेला नाही. ते कोर्ट ठरवेल. पण आमच्या धंद्यात यंत्रणेला जाग येते ती प्रकरण बलात्काराच्या कलमापर्यंत पोहोचल्यावरच. त्याच्या कितीतरी आधीच्या पायऱ्यांसाठी, रात्रीच्या मेसेजसाठी, पाठीवरच्या हातासाठी, अडवून ठेवलेल्या पगारासाठी २०१३ चा कायदा केला होता.

आणि तो कायदा आमच्यासाठीच लिहिल्यासारखा आहे. १० पेक्षा कमी माणसं असलेल्या जागी अंतर्गत समिती लागत नाही. तिथली तक्रार स्थानिक समितीकडे येते. तक्रार खुद्द मालकाविरुद्ध असेल, तरीही ती स्थानिक समितीकडेच येते. आमच्याकडे माणसं ७ आणि मालक तोच. म्हणजे आमच्यासाठी दुसरी समितीच नाही. कंत्राटी, रोजंदारीची, शिकाऊ, बिनपगारी अशी प्रत्येक बाई या कायद्यात ‘कर्मचारी’ आहे. इन्व्हॉइसचं कारण पुढे करून तिला हाकलता येत नाही. समितीला साक्षीदार बोलावायचे, कागद मागवायचे दिवाणी न्यायालयाचे अधिकार आहेत. चौकशी ९० दिवसांत, अहवाल १० दिवसांत, त्यावर कारवाई ६० दिवसांत. चौकशीदरम्यान तक्रारदाराला ३ महिन्यांपर्यंत रजा देता येते. नावं फोडायला कलम १६ ची बंदी आहे, त्यामुळे आरोप झालेल्या माणसाचाही बाजार मांडला जात नाही. जाणूनबुजून खोटी तक्रार केली तर कलम १४ आहे, आणि केवळ पुरावा कमी पडला म्हणून तक्रार खोटी ठरत नाही, हेही त्याच कलमात आहे. अंतर्गत समिती न नेमणाऱ्याला ५०,००० रुपयांपर्यंत दंड, पुन्हा तेच केलं तर दुप्पट शिक्षा आणि परवाना रद्द. एवढं सगळं कागदावर तयार आहे. फक्त त्या कागदापर्यंत जाणारा जिना मुलींना कोणी दाखवलेला नाही, आणि तो दाखवणं, म्हणजे जनजागृती करणं, हे कलम २० नुसार जिल्हा अधिकाऱ्याचं काम आहे.

ही माझी एकटीची तक्रार समजू नका. गोव्यातल्या ऑरेलियानो फर्नांडिस प्रकरणात १२ मे २०२३ ला सर्वोच्च न्यायालयाने या कायद्याच्या अंमलबजावणीतल्या गंभीर त्रुटींवर बोट ठेवलं. ३ डिसेंबर २०२४ ला पुन्हा आदेश द्यावे लागले : ३१ डिसेंबरपर्यंत प्रत्येक जिल्ह्यात जिल्हा अधिकारी, ३१ जानेवारी २०२५ पर्यंत स्थानिक समिती. कायदा होऊन ११ वर्षं झाल्यावर देशाच्या सर्वोच्च न्यायालयाला नेमणुकांच्या तारखा घालून द्याव्या लागतात, यात शरमेने मान खाली कोणी घालायची?

मागण्या चार आहेत. एक : प्रत्येक विभाग कार्यालयाच्या दारात नोडल अधिकाऱ्याचं नाव, खोली आणि फोन नंबर मराठी, हिंदी व इंग्रजीत लावा. दोन : स्थानिक समितीच्या वार्षिक अहवालातले आकडे जाहीर करा. तक्रारी किती आल्या, किती निकाली निघाल्या, ९० दिवसांहून अधिक किती रखडल्या, कार्यशाळा किती घेतल्या. गोपनीयता नावांना आहे, आकड्यांना नाही. तीन : अंधेरी ते मालाड पट्ट्यातल्या स्टुडिओंची पाहणी करा आणि भाड्याने स्टुडिओ देणाऱ्या प्रत्येक जागेत ही माहिती लावून घ्या. चार : स्थानिक समितीत नोकरदार महिलांमधून जी सदस्य घ्यायची असते, ती एकदा तरी आमच्या धंद्यातली घ्या. रात्री १२ ला लाइव्ह संपल्यावर मुलगी कुठे अडकते, ते तिला समजावून सांगावं लागणार नाही.

यातल्या एकाही गोष्टीसाठी नवा कायदा लागत नाही. पहिली तर एका दिवसाची आहे.

ज्या दिवशी के-पश्चिमच्या दारात ती पाटी लागेल, त्या दिवशी मी बोरिवलीहून लोकल पकडून येईन, तिचा फोटो काढीन आणि घाटकोपरच्या त्या मुलीला पाठवीन. तिने एकदा विचारलं होतं, “ताई, तक्रार कुठे करू?” माझ्याकडे तेव्हा उत्तर नव्हतं. ते मला तिला द्यायचं आहे.

आपली,
बोरिवलीची एक व्हिडिओ एडिटर