दयेची भीड

ख्रिस्ती नीतीवरील तात्त्विक टीकेचा विषय निघाला की आपल्याकडे नीत्शेचे नाव पुढे येते, आणि परधर्माची खोड सापडल्याच्या समाधानात चर्चा आटोपते. मला मॅकियाव्हेली अधिक कामाचा वाटतो. लिव्हीच्या इतिहासावरील त्याचे विवेचन १५३१ साली, त्याच्या मृत्यूनंतर छापले गेले. त्यातला आक्षेप परिणामांवर आहे. प्राचीन धर्म पराक्रमाला गौरवीत, ख्रिस्ती धर्म नम्रतेला. मग स्वर्गाकडे डोळे लावून मार सोसणाऱ्यांचे जग विनासायास दुर्जनांच्या हाती जाते. लगेच तो पुस्ती जोडतो (ती सहसा कोणी वाचत नाही) की दोष धर्माचा नव्हे, त्याचा आळसाला सोयीचा अर्थ लावणाऱ्यांचा.

हा आक्षेप रोह्यात तपासून पाहण्याजोगा आहे. १९२० साली येथे जन्मलेल्या पांडुरंगशास्त्री आठवले यांना १९९७ मध्ये टेम्पल्टन पुरस्कार मिळाला. तो स्थापन करणारे गृहस्थ प्रेस्बिटेरियन ख्रिस्ती. योगायोग गमतीचा, कारण आठवल्यांचा स्वाध्याय दयाधर्माच्या मर्मावरच बोट ठेवतो. दान घेणाऱ्याला लाचार करते, हे त्यांनी ओळखले होते. म्हणून 'योगेश्वर कृषी': एक शेत गावाने भक्ती म्हणून पाळीपाळीने कसायचे, पीक देवाचे, आणि गरजूच्या घरी जाणारा वाटा हा प्रसाद. उपकारकर्ता असा कोणी उरतच नाही. करुणेवरील नीत्शेच्या आक्षेपाला इतके व्यवहारी उत्तर मला दुसरीकडे आढळलेले नाही. मॅकियाव्हेलीचे मात्र त्याने समाधान झाले नसते. स्वाध्यायाने राजकारणापासून अंतर राखले, आणि लाचारी गेली म्हणून माणूस आपोआप नागरिक होत नाही.

रोह्यालगत धाटावला रासायनिक कारखान्यांची औद्योगिक वसाहत आहे. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०१८ च्या प्रदूषित नदीपट्ट्यांच्या यादीत कुंडलिकाही आहे. २०१३ च्या कायद्यानुसार मोठ्या कंपन्यांना तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे २ टक्के समाजकार्यावर खर्चावे लागतात. म्हणजे दया आता कायद्यानेच नेमून दिलेली. कारखान्यांच्या कोणत्याही पट्ट्यात दप्तरे वाटली जातात, तेव्हा हात जोडून आभार मानणारा पालक पुढे स्वच्छ पाणी मागताना अवघडतो. घेतल्याची भीड आड येते. ही भीड शिकवायला कोणी पाद्री आला नव्हता. दप्तरांबद्दल आभाराचा ठराव आणि नदीच्या पाण्याच्या तपासणी-अहवालाची मागणी एकाच ग्रामसभेत, एकाच माणसाने मांडायला हरकत कोणती, हे मला कोणीतरी समजावून सांगावे.