कर्ज फेडायला पेन्शन विकावी का? सही करण्यापूर्वी हे समजून घ्या

मुलाचा धंदा बसला, हप्ते थकले, वसुलीवाल्यांचे फोन सुरू झाले की घरातल्यांची नजर निवृत्त वडिलांच्या पेन्शनकडे वळते. ‘एकरकमी उचला आणि मोकळे व्हा,’ असा सल्ला मिळतो. आमचे मत स्पष्ट आहे : कर्जाच्या धाकाने पेन्शन विकू नये. कारण पेन्शन हेच असे उत्पन्न आहे, ज्याला कर्ज देणारा सहसा हात लावू शकत नाही.

पेन्शन विकता येते का?
बाहेरच्या माणसाला नाही. १८७१ च्या पेन्शन कायद्यातील कलम १२ नुसार, पुढे मिळणाऱ्या सरकारी पेन्शनची विक्री किंवा गहाणखत रद्दबातल ठरते. त्यामुळे पासबुक आणि एटीएम कार्ड ठेवून घेणाऱ्या सावकाराचा त्या पैशांवर कायदेशीर हक्क नसतो. बोलीभाषेत आपण ‘पेन्शन विकली’ म्हणतो ते अंशराशीकरण. ते फक्त सरकारकडेच होते.

हिशेब कसा?
समजा, रेल्वेतून ६० व्या वर्षी निवृत्त झालेल्याची मूळ पेन्शन ३०,००० रुपये आहे. त्यातील जास्तीत जास्त ४० टक्के, म्हणजे १२,००० रुपये विकता येतात. १२,००० गुणिले १२ महिने गुणिले ८.१९४ या हिशेबाने हाती येतात सुमारे ११ लाख ८० हजार. पुढे १५ वर्षे दरमहा १२,००० कापले जातात, म्हणजे एकूण २१ लाख ६० हजार. व्याजदर साधारण ९ टक्के पडतो.

हा सौदा वाईटच आहे असे नाही. महागाई भत्ता पूर्ण मूळ पेन्शनवर मिळतो, कुटुंब निवृत्तिवेतन कमी होत नाही आणि १५ वर्षांनी कापलेला भाग परत सुरू होतो. घर किंवा आजारपणासाठी विचार करून घेतलेला हा निर्णय योग्य ठरू शकतो. प्रश्न आहे तो धाकाने घेतलेल्या निर्णयाचा.

एकरकमी पैशाला धोका काय?
दरमहाची सरकारी पेन्शन दिवाणी न्यायालयाच्या हुकूमनाम्यापोटी जप्त होत नाही. निवृत्तीची रक्कम मुदत ठेवीत ठेवली तरी तिचे संरक्षण जात नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने पंजाब नॅशनल बँकेच्या एका खटल्यात म्हटले आहे. पण तीच रक्कम मुलाच्या दुकानात घातली की संरक्षण संपले. रक्कम ठेवली कुठे, हेही महत्त्वाचे. पनवेलकरांना ते वेगळे सांगायला नको. ऑगस्ट २०२१ मध्ये रिझर्व्ह बँकेने कर्नाळा नागरी सहकारी बँकेचा परवाना रद्द केला. ठेव विम्याचे कवच व्याजासह ५ लाखांपर्यंतच असते.

मग दिवाळखोरी?
२०१६ च्या नादारी व दिवाळखोरी संहितेतील व्यक्तींसाठीचा भाग कंपन्यांना वैयक्तिक हमी देणाऱ्यांपुरताच लागू झाला आहे. पनवेलच्या सामान्य कर्जदारासाठी आजही १९२० चा प्रांतिक नादारी कायदाच आहे. त्यात कर्जदाराची मालमत्ता न्यायालयाच्या ताब्यात जाते, पण कायद्याने जप्तीतून वगळलेल्या गोष्टी वाचतात. कर्जात बुडालेल्या माणसाला शंभर वर्षांपूर्वीच्या कायद्याकडे पाठवणे सरकारला शोभत नाही. उरलेला भाग तातडीने लागू करायला हवा.

तोवर काय करावे?
आधी कर्जाचे कागद तपासा. मुलाच्या कर्जाला वडील सहकर्जदार किंवा जामीन नसतील आणि त्यांचे घर गहाण नसेल, तर ते कर्ज त्यांचे नाहीच. जामीन असतील, तर बँकेशी हप्ते कमी करण्याची किंवा तडजोडीची लेखी बोलणी करा. मुलाला मदत जरूर करावी, पण ती दर महिन्याच्या पेन्शनमधून, झेपेल तेवढी.