विश्लेषण : प्रेमपटांतील वंशचित्रणावर प्रेक्षक एकाच वेळी खूश आणि नाराज का होतात?

प्रेमपट म्हणजे दोन-अडीच तासांची करमणूक, असा सर्वसाधारण समज. पण पडद्यावरचे प्रेमी कोणत्या वंशाचे आहेत, हा मुद्दा आला की एकाच कलाकृतीवर कौतुक आणि टीका सोबतच सुरू होते. ‘क्रेझी रिच एशियन्स’ हा चित्रपट आणि ‘ब्रिजर्टन’ ही मालिका ही त्याची अलीकडची उदाहरणे. या प्रतिक्रियांमागे नेमके काय आहे?

पूर्वी बंदी कशावर होती?

हॉलीवूडच्या स्टुडिओंनी १९३०मध्ये स्वीकारलेल्या आणि १९३४पासून कडकपणे लागू झालेल्या ‘हेज कोड’मध्ये गोऱ्या आणि कृष्णवर्णीय व्यक्तींमधील शरीरसंबंध दाखवण्यास मनाई होती. ही मनाई १९५६मध्ये हटली. पण पडद्याबाहेर कायदा कायम होता. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १२ जून १९६७ रोजी ‘लव्हिंग विरुद्ध व्हर्जिनिया’ खटल्यात आंतरवंशीय विवाहावरील बंदी घटनाबाह्य ठरवली, तेव्हाही १६ राज्यांत ती लागू होती.

‘गेस हूज कमिंग टू डिनर’वर आक्षेप काय होता?

त्याच वर्षी डिसेंबरमध्ये हा चित्रपट आला. गोरी मुलगी कृष्णवर्णीय डॉक्टरला भावी पती म्हणून घरी आणते आणि उदारमतवादी आईवडिलांची कसोटी लागते, ही त्याची कथा. चित्रपट गाजला, त्याला दोन ऑस्कर मिळाली. मात्र सिडनी पॉटिए यांचा नायक नामांकित, सुसंस्कृत आणि मुलीच्या आईवडिलांची संमती नसेल तर लग्नच नको म्हणणारा. गोऱ्या घराने स्वीकारावे म्हणून कृष्णवर्णीय माणसाने इतके निर्दोष असावे का, असा सवाल टीकाकारांनी केला. प्रेमी युगुलाचे चुंबनही टॅक्सीच्या आरशातूनच दिसते. काहींना हे धाडस वाटले, तर काहींना भित्रेपणा.

‘गॅलप’च्या पाहणीनुसार कृष्णवर्णीय आणि गोऱ्यांमधील विवाह मान्य असणाऱ्या अमेरिकनांचे प्रमाण १९५८मध्ये ४ टक्के होते, ते २०२१मध्ये ९४ टक्के झाले. त्यामुळे असे प्रेम दाखवावे की नाही, हा वाद मागे पडला. ते कोणाच्या नजरेतून दाखवले जाते आणि त्यात कोण वगळले जाते, हा वाद पुढे आला.

भारतीयांचा संबंध कोठे येतो?

मीरा नायर यांच्या ‘मिसिसिपी मसाला’ (१९९१) चित्रपटात. इदी अमीनने १९७२मध्ये युगांडातून हाकललेले भारतीय कुटुंब मिसिसिपीत येते. तेथे त्यांची मुलगी मीना आणि गालिचे साफ करण्याचा व्यवसाय करणारा कृष्णवर्णीय डिमेट्रियस प्रेमात पडतात. स्वतः वर्णद्वेषाचे चटके सोसलेले कुटुंबच या नात्याला विरोध करते. मीना सावळी आणि गरीब, मग तिला चांगले स्थळ कसे मिळणार, अशी कुजबुज भारतीय बायकाच करतात. भारतीय प्रेक्षकाला यातले अवघडलेपण अनोळखी नव्हते.

अलीकडचे वाद कोणते?

‘क्रेझी रिच एशियन्स’ (२०१८) हा ‘द जॉय लक क्लब’नंतर २५ वर्षांनी, बहुतांश आशियाई वंशाचे कलाकार घेऊन केलेला हॉलीवूडच्या मोठ्या स्टुडिओचा आधुनिक काळातला चित्रपट. आशियाई-अमेरिकी प्रेक्षकांनी त्याचे जोरदार स्वागत केले, जगभरात सुमारे २४ कोटी डॉलरची कमाई झाली. सिंगापूरमध्ये मात्र नाराजी उमटली. तेथील नागरिक व कायम रहिवासी मिळून सुमारे १३ टक्के मलय आणि ९ टक्के भारतीय वंशाचे आहेत. चित्रपटात भारतीय वंशाचे लोक दिसतात ते प्रामुख्याने पहारेकरी म्हणून.

‘ब्रिजर्टन’च्या २०२२मधील दुसऱ्या पर्वात मुंबईहून लंडनला आलेल्या शर्मा बहिणी आहेत. तमिळ वंशाच्या सिमोन अ‍ॅशलीसारखी सावळी अभिनेत्री नायिका म्हणून दिसली, लग्नाआधी हळद लागली, धाकट्या बहिणीला मराठी येत असल्याचा उल्लेख आला. भारतीय प्रेक्षक सुखावले. पण आडनाव शर्मा, वडील ‘अप्पा’, थोरली ‘दीदी’ आणि धाकटी बंगालीतली ‘बोन’, मग हे कुटुंब नेमके कुठले, असा प्रश्नही त्यांनीच विचारला.

एकाच कलाकृतीवर दोन टोके का?

मुख्य कारण तुटवड्याचे. गोऱ्या नायिकांचे शेकडो प्रेमपट आहेत. त्यातला एखादा फसला तरी कोणा समाजाची प्रतिमा बिघडत नाही. उलट ज्यांच्या वाट्याला पाव शतकात एखादाच चित्रपट येतो, त्यांना त्यात आपली भाषा, आपला रंग, आपला प्रांत सगळेच हवे असते. एका चित्रपटाला ते पेलत नाही.

आपल्याकडे चित्र वेगळे आहे का?

फारसे नाही. ‘बाला’मध्ये (२०१९) सावळ्या मुलीच्या भूमिकेसाठी भूमी पेडणेकर यांना मेकअपने सावळे केले गेले, तेव्हा सावळी अभिनेत्रीच का घेतली नाही, असा सवाल झाला. २०२०मध्ये ‘फेअर अँड लव्हली’चे नाव बदलून ‘ग्लो अँड लव्हली’ झाले. परदेशी मालिकेतल्या सावळ्या नायिकेचे आपल्याला इतके अप्रूप का वाटले, याचे उत्तर आपल्याच पडद्यावर शोधावे लागेल.