ऑर्किड मरत नाही, आपण मारतो!

"ऑर्किड आपल्याकडच्या हवेत जगतच नाही हो!" संभाजीनगरात हे ज्याच्या त्याच्या तोंडी. साफ चूक! माझं पहिलं ऑर्किड मीच मारलं. तुळशीसारखं काळ्या मातीत लावलं, रोज तांब्याभर पाणी घातलं. मुळं गुदमरून कुजली... आणि दोष दिला उन्हाला!

अहो, सह्याद्रीतली सीतेची वेणी झाडाच्या खोडावर वाढते, मातीशिवाय. नर्सरीतलं फॅलेनॉप्सिसही त्याच कुळातलं. तेव्हा फुलं गळाली की मगच कुंडी बदला. कुजलेली मुळं छाटा, सालीचे तुकडे आणि कोळसा भरा. मुळं चंदेरी दिसली तरच पाणी. हिरवी असतील तर हात आवरा. थेट ऊन टाळा, बस्स.

झाडाला नाजूक ठरवणं सोपं, आपली हौस आवरणं कठीण. असो.