ओटीपी कुणाच्या खिशात?



पुण्याच्या मंडईत पथारी टाकून बसणारी बाई स्वतःच्या हिमतीवर माल उचलते, स्वतः भाव ठरवते, कुणाची किती उधारी आहे ते तोंडपाठ ठेवते आणि संध्याकाळच्या गल्ल्यातून घर चालवते. तिच्या धंद्यात तिला कुणी ‘नवऱ्याला विचारून ये’ म्हणत नाही. मार्केट यार्डातला अडत्या म्हणत नाही, टेम्पोवाला म्हणत नाही, कोथिंबिरीच्या जुडीसाठी दोन रुपयांवरून हुज्जत घालणारं गिऱ्हाईकही म्हणत नाही. सप्टेंबर २०२५ मध्ये महाराष्ट्र सरकारच्या संकेतस्थळानं मात्र तिला नेमकं हेच सांगितलं.

‘मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण’ योजना जुलै २०२४ पासून सुरू झाली. २१ ते ६५ वयाच्या, वर्षाला अडीच लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबातल्या बाईच्या खात्यात महिन्याला १५०० रुपये. हा हक्क की निवडणुकीची खिरापत, यावर आपल्या गटागटांत मतभेद आहेत आणि ते राहोत. पण पैसे तिच्या स्वतःच्या खात्यात जातात, ही गोष्ट लहान नाही. नोव्हेंबर २०२४ च्या विधानसभा निवडणुकीआधी अर्ज धडाधड भरून घेतले गेले. तेव्हा नवऱ्याच्या संमतीची आठवण कुणाला झाली नाही. सत्ता आली, वर्ष सरलं, आणि १८ सप्टेंबर २०२५ च्या शासन निर्णयानं ई-केवायसी सक्तीचं झालं. बाईनं आपला आधार क्रमांक द्यायचा, आपल्या मोबाइलवर आलेला ओटीपी भरायचा. इथवर ठीक. पण त्यापुढे नवऱ्याचा किंवा वडिलांचा आधार क्रमांक, आणि त्यांच्या मोबाइलवर आलेला ओटीपी!

म्हणजे खातं तिचं, पण खात्याची किल्ली त्याच्या खिशात. दारू पिऊन मारणाऱ्याच्या खिशात, दुसरी बाई घेऊन राहणाऱ्याच्या खिशात, दहा वर्षांत तोंड न दाखवलेल्याच्या खिशात. २००५ साली आपण कौटुंबिक हिंसाचाराविरुद्ध कायदा मिळवला. त्या कायद्याखाली जिनं नवऱ्याविरुद्ध संरक्षण आदेश घेतला आहे, तिलाच सरकार सांगतं, ‘त्याला फोन कर आणि सहा आकडे विचार.’ हे सहा आकडे फुकट मिळत नाहीत, हे सरकारला कुणी सांगायचं?

ओरड झाली. मुदत १८ नोव्हेंबरवरून ३१ डिसेंबरवर गेली. नवरा किंवा वडील हयात नाहीत, किंवा घटस्फोट झाला आहे, अशा बायकांनी मृत्यूचा दाखला किंवा कोर्टाचा आदेश अंगणवाडी सेविकेकडे द्यावा, अशी वाट काढली गेली. वाट काढली हे बरंच झालं. पण या वाटेवर परित्यक्तेचं काय? तिचा नवरा मेलेला नाही, म्हणून दाखला नाही. घटस्फोट झालेला नाही, म्हणून आदेश नाही. तिला फक्त टाकून दिलेलं आहे, आणि टाकून दिल्याचा कागद कुठलंच कार्यालय देत नाही. यातली क्रूर गंमत अशी, की योजनेच्या मूळ शासन निर्णयात पात्र स्त्रियांच्या यादीत ‘परित्यक्ता’ हा शब्द स्पष्ट लिहिलेला आहे. कागदावर तिला जागा होती. पडद्यावर आल्यावर ती जागा नाहीशी झाली.

हा शब्द सरकारच्या कागदावर आपोआप आलेला नव्हता. १९८८ मध्ये संगमनेरला परित्यक्ता स्त्रियांची परिषद झाली. सांगली-साताऱ्याच्या गावांतून बायका मोर्चे घेऊन तहसील कचेरीवर गेल्या. त्यांची पहिली मागणी काय होती? रेशन कार्ड. स्वतःच्या नावाचं, वेगळं रेशन कार्ड. तेव्हा पुरवठा खात्याचा कारकून विचारायचा, ‘कुटुंबप्रमुख कोण?’ बाई म्हणायची, ‘मीच.’ कारकून म्हणायचा, ‘तसा रकाना नाही.’ त्या रकान्यासाठी आपल्या आधीच्या पिढीनं वर्षानुवर्षं चपला झिजवल्या. पुढे २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्यानं रेशन कार्डावर घरातली सगळ्यात मोठी प्रौढ स्त्री हीच कुटुंबप्रमुख असेल, असं लिहून दिलं. याच महाराष्ट्र सरकारनं १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या नावापुढे आईचं नाव लावणं सक्तीचं केलं. त्याचं आपण स्वागत केलं. मग जे सरकार २०२४ मध्ये मुलाला आईच्या नावानं ओळखायला तयार झालं, ते २०२५ मध्ये त्या आईलाच नवऱ्याच्या नंबराशिवाय ओळखेनासं कसं झालं?

याचं उत्तर ‘तांत्रिक अडचण’ असं दिलं जातं. मला ते मान्य नाही. यंत्राला नवरा-बायको कळत नाहीत. यंत्रात रकाना कुणीतरी टाकतो, तो सक्तीचा आहे असं कुणीतरी ठरवतो, आणि त्यावर कुणीतरी सही करतो. कारकुनाशी निदान भांडता तरी येत होतं. ‘साहेबांना भेटवा’ म्हणून दारात बसता येत होतं. पडद्याच्या दारात कसं बसणार? पूर्वीचा पुरुषप्रधान कारकून आता लाल अक्षरात ‘माहिती अपूर्ण’ एवढंच म्हणतो आणि गप्प होतो. आधुनिकीकरणात कारकून गेला, त्याचा प्रश्न मात्र तसाच राहिला.

म्हणून प्रश्न नेतृत्वाचा आहे. २०२५ मध्ये राज्य सरकारनं आधी १०० दिवसांचा आणि मग १५० दिवसांचा कार्यक्रम हाती घेतला. १५० दिवसांच्या कार्यक्रमात ई-गव्हर्नन्सवर भर होता. संकेतस्थळ कसं आहे, ई-ऑफिस सुरू आहे का, डॅशबोर्ड आहे का, व्हॉट्सॲपवर सेवा देता का, कृत्रिम बुद्धिमत्ता वापरता का, यावर कार्यालयांना गुण देण्यात आले. संकेतस्थळ नीट असावं, फाइल अडून राहू नये, याला कोण विरोध करील? दाखल्यासाठी चार खेटे घालण्याचा त्रास सगळ्यात जास्त बाईलाच होतो. पण त्या गुणपत्रिकेत एक साधा प्रश्न हवा होता. पुरुषाच्या मदतीशिवाय ही सेवा बाईला मिळते का? हा प्रश्न विचारला असता तर लाडक्या बहिणीचं ई-केवायसी, जे त्याच १५० दिवसांत आलं, नापास झालं असतं.

प्रश्न विचारला गेला नाही, कारण विचारणारं तिथे कुणी नव्हतं. पुण्याचंच बघा. २५ जून २०१६ रोजी बालेवाडीच्या क्रीडासंकुलात स्मार्ट सिटीच्या कामांचा देशपातळीवरचा प्रारंभ झाला. महापालिकेच्या शेजारी एक वेगळी कंपनी उभी राहिली आणि औंध-बाणेर-बालेवाडीचा भाग ‘स्मार्ट’ करायला निवडला गेला. मंडईतल्या बाईला त्यातलं काय मिळालं? ३१ मार्च २०२५ ला ते अभियान संपलंसुद्धा. १७ ऑगस्ट २०२४ ला त्याच बालेवाडीत लाडक्या बहीण योजनेचा राज्यपातळीवरचा सोहळा झाला, तेव्हा बायकांना बसगाड्या भरभरून नेलं. टाळ्या वाजवायला आपण हजारोंनी लागतो, रकाने ठरवताना एकही लागत नाही! आणि आपण जिथे असायला हव्या होतो तिथली गत काय? महापालिकेत निम्म्या जागा बायकांसाठी राखीव आहेत. पण मार्च २०२२ पासून जानेवारी २०२६ ची निवडणूक होईपर्यंत पुण्यात लोकनियुक्त सभागृहच नव्हतं. जवळजवळ चार वर्षं कारभार प्रशासकाच्या हाती होता. ज्या काळात एकेक सेवा मोबाइलवर गेली, त्याच काळात राखीव खुर्च्या रिकाम्या होत्या.

बायका या व्यवस्थेत नाहीत असं मात्र नाही. आहेत, पण शेवटच्या पायरीवर. लाडकीचे अर्ज कुणी भरले? अंगणवाडी सेविकेनं. पोषण ट्रॅकरमध्ये मुलांची वजनं कोण भरतं? तीच. तिला दिलेले मोबाइल तापत होते, बंद पडत होते, ॲप तिच्या भाषेत नव्हतं. शेवटी २०२१ मध्ये महाराष्ट्रातल्या हजारो सेविकांनी ते मोबाइल सरकारला परत केले. चांगलं यंत्र द्या, मराठीत द्या, एवढंच त्यांचं म्हणणं होतं. वर्तमानपत्रांनी त्याला ‘मोबाइल वापसी’ म्हटलं. मी त्याला तंत्रज्ञानातलं नेतृत्व म्हणते.

आता समोरून येणाऱ्या मुद्द्याकडे वळू. ‘बोगस लाभार्थी कसे रोखायचे?’ रोखायलाच हवेत. या योजनेत चौदा हजारांवर पुरुषांच्या खात्यात पैसे गेल्याचं २०२५ मध्ये बाहेर आलं. विचार करा, बायकांच्या योजनेत पुरुष आत शिरला तेव्हा यंत्रानं त्याला ‘तू बाई आहेस का?’ एवढंही विचारलं नाही. चूक पुरुषांनी केली आणि पुराव्याची सक्ती बायकांवर आली. कुटुंबाचं उत्पन्न तपासायचं तर त्यासाठी नवऱ्याचा ओटीपी लागत नाही. अर्ज भरतानाच पिवळं किंवा केशरी रेशन कार्ड उत्पन्नाच्या दाखल्याऐवजी चाललं होतं. त्या कार्डावर अख्खं कुटुंब आहे आणि ती नोंद सरकारच्याच दप्तरात आहे. सरकारनं आपलं दप्तर आपण तपासावं. त्याचा हेलपाटा बाईच्या माथी कशाला?

दुसरा मुद्दा येतो, ‘आता सगळ्यांकडे मोबाइल असतो.’ घरात असतो, तिच्याकडे असतोच असं नाही. २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या १५ ते ४९ वयाच्या बायकांपैकी सुमारे ५४ टक्के जणींकडेच स्वतः वापरायचा मोबाइल होता. मंडईत पन्नाशी-साठी ओलांडलेल्या कितीतरी जणींचा नंबर म्हणजे मुलाचा नंबर. तो कामावर गेला की ओटीपीही कामावर जातो. मग एखाद्या ऑनलाइन केंद्रात रांग लावायची, पथारी शेजारणीवर सोपवायची, आणि सर्व्हर बंद असला की दिवसाचा धंदा बुडवून परत यायचं.

असं फक्त आपल्याकडे घडतं असंही नाही. नेदरलँड्ससारख्या श्रीमंत देशात मुलांच्या पाळणाघरासाठी भत्ता घेणाऱ्या हजारो कुटुंबांवर फसवणुकीचा ठपका आला. संशय कुणावर घ्यायचा हे ठरवायला संगणकाची मदत घेतली होती, आणि त्यात परदेशातून आलेली माणसं जास्त भरडली गेली. कर्जात बुडलेल्या आयांनी वर्षानुवर्षं पाठपुरावा केला. जानेवारी २०२१ मध्ये अख्ख्या मंत्रिमंडळाला राजीनामा द्यावा लागला. तिथे निदान कुणीतरी जबाबदार ठरलं.

दुसरी वाटही आहे, आणि ती पुण्यातच घालून दिलेली आहे. १९९३ मध्ये कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी राहिली. कचरा वेचणाऱ्या बायकांच्या ओळखपत्रांना पंचायतीनं महापालिकेची मान्यता मिळवली. ते ओळखपत्र बाईला तिच्या कामावरून ओळखत होतं. पुढे याच बायकांची ‘स्वच्छ’ ही सहकारी संस्था झाली आणि शहराच्या कचऱ्याची व्यवस्था बदलली. हेही आधुनिकीकरणच होतं, पण त्याचा आराखडा करताना बायका आत होत्या. राजस्थानात २०१९ मध्ये जनसूचना पोर्टल सुरू झालं. तिथे कोणती माहिती खुली करायची हे ठरवताना मजदूर किसान शक्ती संघटनेसारख्या संघटनांचे कार्यकर्ते अधिकाऱ्यांसोबत बसले होते. अशक्य काही नाही.

मंडईला जोतीराव फुल्यांचं नाव आहे. १८८० च्या दशकात ही इमारत उभी राहिली ती गव्हर्नर लॉर्ड रे यांच्या नावानं. नगरपालिकेचे सदस्य असताना जोतीरावांनी मंडईवरच्या खर्चाला विरोध केला होता. हा पैसा शिक्षणाकडे वळवा, असं त्यांचं म्हणणं होतं. त्यांचं वैर दगडविटांशी नव्हतं. नगरपालिकेचा पैसा कुणासाठी, हा त्यांचा प्रश्न होता. सप्टेंबर २०२४ पासून मंडईच्या पोटातून भुयारी मेट्रो धावते आहे. जोतीरावांचा तो प्रश्न आज मेट्रोला, ॲपला आणि पोर्टलला विचारायचा आहे.

आपल्या चळवळीतही ‘हे कॉम्प्युटरवाल्यांचं काम, आपल्याला त्यातलं काय कळतं?’ असा सूर ऐकू येतो. रेशन कार्डाचा रकाना आपल्याला कळला होता. हा रकानाही कळतो. समाजकार्याच्या वर्गात आम्हाला ‘लाभार्थी’ हा शब्द शिकवला गेला. तो शब्द आता पुसायची वेळ आली आहे. लाभार्थी रांगेत उभा राहतो, नागरिक नियम विचारतो. म्हणून प्रत्येक गटानं आपल्या वॉर्डात, तालुक्यात या मागण्या लावून धराव्यात:

१. कुठल्याही योजनेत बाईची ओळख तिच्या स्वतःच्या आधारावर आणि स्वतःच्या निवेदनावर पूर्ण मानावी. पुरुषाच्या ओटीपीची अट कायमची रद्द करावी.

२. परित्यक्तेला कागद मागू नये. तिचं स्वयंघोषणापत्र आणि अंगणवाडी सेविकेची किंवा वस्तीतल्या दोन बायकांची साक्ष पुरेशी मानावी.

३. पैसे बंद करण्याआधी मराठीत लेखी कारण, अपिलाची मुदत आणि जबाबदार अधिकाऱ्याचं नाव द्यावं.

४. नवं ॲप किंवा पोर्टल लागू करण्याआधी ज्या बायका ते वापरणार त्यांच्यासमोर जाहीर सुनावणी व्हावी. पथविक्रेत्यांच्या २०१४ च्या कायद्यानं नगर पथविक्रेता समितीत विक्रेत्यांच्या प्रतिनिधींपैकी एक तृतीयांश जागा बायकांना दिल्या आहेत. पथारीवाल्यांच्या नोंदणीचं कुठलंही नवं यंत्र आधी त्या समितीत मांडावं.

५. मंडईसारख्या ठिकाणी, धंदा थंड असतो त्या दुपारच्या वेळी, माणूस बसलेली खिडकी असावी.

६. अंगणवाडी सेविकेला चालणारं यंत्र, मराठी ॲप आणि या जादा कामाचे पैसे वेळेवर मिळावेत.

जानेवारी २०२६ मध्ये निवडून आलेल्या आपल्या वॉर्डाच्या नगरसेविकेकडे ही यादी घेऊन जा. एकटीनं नको, पाच जणी मिळून. तिला एवढंच विचारा, ‘ताई, तुमच्या खात्याची किल्ली तुमच्याकडे आहे ना? मग आमचीही आम्हाला मिळवून द्या.’ उत्तर काय आलं, ते आम्हाला कळवा.